चाळीसची पाटी

लग्न झाल्यापासून सरकारशी मी एकच भांडण जिंकले, आणि तेही माझ्या धाकट्या बहिणीने मला जिंकून दिलं. भांडण तसं साधंच होतं. माझ्या नवऱ्याच्या गाडीला वेग जास्त म्हणून चलान आलं होतं. माझा नवरा गाडी चालवतो म्हणजे गाडीला फिरायला नेतो. मागचे लोक हॉर्न वाजवून थकतात आणि रिक्षावाले पुढे जाताना आत डोकावून बघतात, माणूस झोपला तर नाही ना. अशा माणसाला वेगाचं चलान आलं म्हटल्यावर आमच्याकडे दोन दिवस कुणाला हसू आवरेना. तो बिचारा खाली मान घालून म्हणाला, भरून टाकू, कशाला कोर्टाची पायरी चढायची.

धाकटी तेव्हा स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होती. माझं माहेरही गारखेड्यातच, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. त्यामुळे तिचा संध्याकाळचा चहा माझ्याकडे ठरलेला. दिवसभराच्या अभ्यासाचा सगळा कंटाळा ती माझ्या स्वयंपाकघरात आणून ओतायची आणि ताजीतवानी होऊन परत जायची. तिने तो मेसेज वाचला, फोटोतली जागा पाहिली आणि नवऱ्याला विचारलं, "दाजी, तिथं पाटी होती का?" त्याला काही आठवेना. रविवारी तिने मला स्कूटीवर मागे बसवलं आणि थेट त्या जागी नेलं. पाटी होती, पण लिंबाच्या फांद्यांत अशी बुडालेली की खाली उभं राहून मान वाकडी केल्याशिवाय दिसत नव्हती. धाकटीने रस्त्यावर उतरून, ट्रकवाल्यांच्या शिव्या खात, गाडीतल्या माणसाला जसं दिसेल तसे फोटो काढले. मी कडेला उभी राहून तिच्यावर ओरडत होते.

घरी येऊन तिने माझी शिकवणी घेतली. पोलीस एखाद्याला वेगासाठी केव्हा धरू शकतात आणि केव्हा नाही, हे मला तिने भाजी निवडता निवडता सांगितलं. गाडी जोरात होती असं एका माणसाने नुसतं बघून म्हटलं तर तेवढ्यावर शिक्षा होत नाही, यंत्राने मोजलेलं लागतं. ते यंत्रही तपासलेलं, प्रमाणपत्र असलेलं हवं. शहरात कारला सत्तरपर्यंत मोकळीक आहे. एखाद्या जागी त्याहून हळू जा असं सांगायचं असेल तर तिथं पाटी लावावी लागते, आणि ती चालवणाऱ्याला दिसावी लागते. "सांगितलंच नाही तर ऐकलं नाही असं कसं म्हणणार, ताई?" असं म्हणून तिने मेथीची जुडी माझ्यापुढे सरकवली. मी विम्याच्या ऑफिसात काउंटरवर बसते. नियम दाखवून लोकांना परत पाठवणं हे माझं रोजचं काम. नियम कधी आपल्या बाजूने उभा राहू शकतो, हे मला नोकरीच्या इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

अर्ज तिनेच लिहिला. लोकअदालतीत बसलेल्या बाईंनी फोटो निरखून पाहिले, मला दोन-चार प्रश्न विचारले आणि चलान रद्द केलं. मी बाहेर आले ती छाती पुढे काढूनच. धाकटी म्हणाली, अगं जरा हळू चाल, आता तुलाच वेगाचं चलान लागेल. तिथून आम्ही दोघी सरळ शहागंजात नानांच्या दुकानात गेलो.

नाना म्हणजे आमचे वडील. मूळचे पिशोरचे. भावांमध्ये शेत वाटून घेतल्यावर हातात राहिलं त्यात भागेना, म्हणून तरुणपणीच शहरात आले आणि दोरखंड-ताडपत्रीच्या दुकानात कामाला लागले. पुढे मालकाच्या मुलांना त्या धंद्यात रस नव्हता, तेव्हा ते दुकानच त्यांनी चालवायला घेतलं. सुतळी, नायलॉनची दोरी, नाडा, कासरे, ट्रकवर बांधायचे जाड दोर. आमच्या लहानपणी घरात कशालाच खिळा ठोकलेला नसायचा, सगळं बांधलेलं असायचं. नानांनी बांधलेली गाठ सोडवायला नानाच लागायचे. त्या दिवशी त्यांनी आमची सगळी हकिकत ऐकली आणि समोरच्या हॉटेलातून चहा मागवताना अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं की पोरींनी पोलिसाला हरवलं.

त्यानंतर वर्षभराने धाकटीची तलाठी म्हणून निवड झाली.

शहरातल्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. पण पिशोरच्या माणसाला विचारा तलाठी म्हणजे काय ते. नानांनी उभ्या आयुष्यात सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात किती खेटे घातले असतील, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. आता त्यांच्या घरातच तलाठी. निकाल कळला तेव्हा ते दुकानात होते. शटर अर्धं ओढून ते घरी आले, चपला न काढता देव्हाऱ्यापुढे गेले, आणि माय त्यांच्यावर ओरडली तरी त्यांना ऐकू आलं नाही. मी त्यांना आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

मग फ्लेक्स आला. आपल्याकडे पोराचं बारसं असो, नगरसेवकाचा वाढदिवस असो की कुणाच्या बैलाने शर्यत मारलेली असो, फ्लेक्सशिवाय आनंद झाला असं कुणी धरतच नाही. नानांच्या दुकानाशेजारी फ्लेक्स छापणारा एक मुसलमान तरुण आहे. त्याच्या गिऱ्हाइकांना दोरी नाना देतात आणि नानांच्या गिऱ्हाइकांना फ्लेक्स तो देतो, असा त्यांचा शेजार. त्याने धाकटीचा फॉर्मवरचा फोटो घेतला, मागे गुलाबी ढग टाकले आणि नानांना म्हणाला, "चाचा, फोटू बडा रखते, नाम उससे बी बडा." खाली शुभेच्छुक म्हणून पिशोरचे सगळे काका, आत्या, चुलतभाऊ आले. माझं नाव एका कोपऱ्यात माझ्या सासरच्या आडनावासह आलं, त्यावरून मी नानांशी लटकंच भांडले.

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी मोठा रस्ता आहे, पुढे बायपासला जाऊन मिळणारा. तिथं कडेला एक लोखंडी खांब आहे. नानांनी शेजाऱ्यांची शिडी घेतली आणि तो फ्लेक्स स्वतःच्या हाताने त्या खांबाला बांधला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. खांबावर वेगमर्यादेची पाटी होती. पांढरी, लाल कडेची, मधे चाळीस लिहिलेलं. पुढच्या वळणावर शाळा आहे म्हणून लावलेली. ती फ्लेक्समागे गेली. त्यात काही चुकतंय हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही आणि येणारही नव्हतं. शहरात अर्ध्या खांबांची हीच गत आहे.

धाकटीला त्या फ्लेक्सची भयंकर लाज वाटायची. ती म्हणायची, नाना, माझा फॉर्मवरचा फोटो आहे तो, त्यात मी चोरासारखी दिसते, काढा तो. रिक्षावाला तिला कॉलनीच्या तोंडाशी उतरवताना एकदा फ्लेक्सकडे आणि एकदा तिच्याकडे बघायचा, आणि ती ओढणी तोंडावर घ्यायची. मी मुद्दाम तिला हाक मारायचे, "ओ तलाठीणबाई, आमच्या घराचा उतारा द्या हो." नाना म्हणायचे, रुजू होईस्तोवर राहू दे, मग काढू. कुणी चिडवलं तरी फ्लेक्स जागचा हलला नाही. मधे वाऱ्याचे दिवस येऊन गेले, आजूबाजूचे फ्लेक्स फाटून तारांवर लटकले, आमचा होता तसा ताठ राहिला.

तिच्या रुजू होण्याला थोडेच दिवस राहिले होते. वैद्यकीय तपासणीचा दाखला आणायला ती सकाळी गेली आणि दुपारी परत आली. रिक्षा रस्त्याच्या पलीकडे थांबली, दुभाजकातल्या मोकळ्या जागेतून ती रस्ता ओलांडायला लागली, आणि गाडीने तिला उडवलं. त्याच खांबापाशी. मी ऑफिसात होते. माझ्यासमोर एक आजोबा पावती घेऊन उभे होते आणि मी त्यांना सांगत होते की ही सही चालणार नाही. फोन मायचा होता. नुसता तिचा श्वास ऐकू येत होता, आणि मग मागून कुणीतरी बाई म्हणाली की लवकर या.

दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती.

यापुढचं नीट लिहिता येईल असं मला वाटलं होतं, पण येत नाही. मी एवढंच सांगते की तिच्या कपाळाला काहीही लागलेलं नव्हतं, टिकली जागेवर होती, आणि मला वाटलं ही मंडळी चुकताहेत. मी डॉक्टरांशी वाद घातला. काउंटरवर घालते तसा, मुद्देसूद. नवऱ्याने मला धरून बाहेर आणलं. बाहेर बाकड्यावर एक माणूस बसला होता, पन्नाशीचा, जाड चष्म्याचा, अंगात लग्नाला जाण्याचा सदरा. त्याच्या हातात धाकटीची एक चप्पल होती. गाडी त्याची होती. त्यानेच तिला मागच्या सीटवर घालून आणलं होतं आणि रस्त्यात पडलेली चप्पलही उचलून आणली होती. मायने पुढे होऊन त्याच्या हातातून ती काढून घेतली. तो उभा राहिला, काहीतरी बोलायला गेला आणि परत बसला. पळून गेला असता तर बरं झालं असतं. शिव्या द्यायला सोपं गेलं असतं.

खटला उभा राहिला. हयगयीने गाडी चालवून मृत्यूस कारण झाल्याचा आणि त्याबरोबर वेगाचा. वेगाचा पुरावा पोलिसांकडे आपसूकच होता. त्या दुपारी त्यांची पांढरी गाडी थोडं अलीकडे उभी होती आणि आत बसलेला हवालदार येणाऱ्या गाड्यांवर स्पीडगन धरून होता. अपघाताच्या क्षणभर आधी त्याच्या यंत्राने ती गाडी मोजली होती. बासष्ट. पाटी चाळीसची. त्या माणसाच्या मोबाइलवर चलान गेलं तेव्हा तो दवाखान्याच्या बाकड्यावर बसलेला होता, हे मला फार नंतर कळलं.

मी त्या बासष्टवर जीव टांगून ठेवला. माणूस गेल्यावर काय हवं असतं आपल्याला? ती परत येणार नव्हती. त्याला तुरुंगात खडी फोडायला लावावी असंही मला रोज वाटत नव्हतं, एखाद्या दिवशी वाटायचं. पण एक गोष्ट मला रोज हवी होती. कुणीतरी खुर्चीवर बसून, कागदावर लिहून म्हणावं की हा जोरात आला, हा हळू आला असता तर ती वाचली असती. लोक कुजबुजायला लागले होते की मोबाइलवर बोलत असेल, आजकालच्या पोरी बघतात कुठं. पोलीस पंचनाम्यात तिचा मोबाइल बॅगेत, चेन लावलेल्या खणात सापडला होता. पण पंचनामा वाचायला कोण जातं? लोकांना निकाल कळतो. मला निकाल हवा होता.

साक्षी सुरू व्हायला दीड-दोन वर्षं गेली. सरकारी वकील एक बाई होत्या. कमी बोलायच्या, पण आम्हाला कधी ताटकळत ठेवलं नाही. साक्षीच्या आधी त्यांनी आम्हाला बोलावलं आणि टेबलावर एक फोटो ठेवला. पोलिसांनीच घटनास्थळाचा काढलेला. रस्ता, दुभाजक, डांबरावर खडूच्या रेघा, आणि बाजूला खांबावर गुलाबी ढगांत हसणारी धाकटी. पाटी दिसत नव्हती.

बाईंनी समजावून सांगायला सुरुवात केली. यंत्र ठीक आहे, त्याचं प्रमाणपत्र आहे, हवालदाराची साक्ष चांगली होईल. पण त्या जागी चाळीसची मर्यादा आहे ती पाटीमुळे. पाटी झाकलेली असेल तर पलीकडचे वकील म्हणणार की आमच्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. मग शहरात कारला... मी म्हटलं, सत्तरपर्यंत मोकळीक आहे. बाईंनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना सांगितलं की मला माहीत आहे, मला माझ्या बहिणीने शिकवलंय.

चाळीसच्या पाटीखाली बासष्ट म्हणजे गुन्हेगार. पाटी दिसत नसेल तर तोच बासष्टवाला सज्जन माणूस, मुभेपेक्षाही हळू चालवणारा. आणि वेग गेला की मागे काय उरतं? पोरगी अचानक समोर आली, एवढंच. त्या टेबलापाशी बसून मी कायद्याला मनातल्या मनात काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण कायद्याला तरी काय बोलणार? नवऱ्याच्या वेळी त्याच मुद्द्यावर मी अख्ख्या ऑफिसला पेढे वाटले होते. धाकटी जिवंत असती आणि त्या माणसाने तिला विचारलं असतं, तर तिने त्यालाही हाच अर्ज लिहून दिला असता.

एक फट मात्र होती. हा फोटो दुसऱ्या दिवशी सकाळचा होता. अपघाताच्या संध्याकाळी लिहिलेल्या पंचनाम्यात खांबाचा उल्लेखच नव्हता. मधल्या वेळात तिथं तोबा गर्दी झाली होती, लोक खांबाला लटकून बघत होते. फ्लेक्स मुळात पाटीच्या खाली बांधलेला असेल आणि गर्दीत वर सरकला असेल, असंही होऊ शकतं. नक्की कसं होतं ते बांधणारा माणूसच सांगू शकतो, असं बाई म्हणाल्या. नानांची साक्ष तशीही होणारच होती, फिर्याद त्यांच्याच नावाने होती. बाईंनी त्यांना एवढंच सांगितलं की विचारतील, आणि जे खरं असेल ते सांगा.

घरी आल्यावर मामाने कोर्ट भरवलं. मामा म्हणजे मायचा भाऊ, आमच्या घरातला व्यवहारी माणूस. त्याचं म्हणणं सरळ होतं. फ्लेक्स खालीच बांधला होता, असं सांगायचं. कोण बघायला आलं होतं? नाहीतर आठवत नाही म्हणायचं, वयाकडे बघून कुणी काही बोलणार नाही. माय म्हणाली, एका शब्दानं लेकराला न्याय मिळत असंल तर बोलायला काय जातं. मी गप्प राहिले, पण मला तेच हवं होतं हे नानांना कळत होतं. मला तो माणूस सुटायला नको होता.

नाना कशालाच हो किंवा नाही म्हणाले नाहीत. धाकटी गेल्यापासून त्यांचं बोलणं असंच झालं होतं. ते दुकानात जात, दोरी मोजून देत, पण फ्लेक्स बांधायला म्हणून कुणी दोरी मागितली की त्याला पलीकडच्या दुकानात पाठवत. तो फ्लेक्स माझ्या नवऱ्याने ब्लेडने कापून उतरवला होता, कारण गाठी कुणालाच सुटल्या नाहीत. आमच्या कॉलनीत जुने फ्लेक्स लोक गाडीवर झाकायला घेतात, माळ्यावर अंथरतात. आमचा गुंडाळी करून दिवाणाखाली ठेवलेला आहे. माय झाडू मारते तेव्हा तो बाहेर काढते, खालून झाडते आणि परत आत सरकवते. तिचा चेहरा घडीत मोडू नये म्हणून त्याची घडी करत नाही.

साक्षीच्या दिवशी नानांनी पांढरी टोपी घातली होती. पिंजऱ्यात उभे राहिले तेव्हा फार लहान दिसले. तो चष्मेवाला माणूस मागच्या बाकावर बसला होता, वाळलेला, केस सगळे पांढरे झालेले. मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि सारखी त्याच्याकडेच बघत होते. सरकारी वकीलबाईंचे प्रश्न लवकर आटोपले. मग पलीकडचे वकील उठले. मला वाटलं होतं आरडाओरडा करणारा कुणी असेल. हे गृहस्थ फार हळू बोलत होते, आणि नानांना दर वाक्याला ‘काका’ म्हणत होते.

त्यांनी तो फोटो नानांच्या हातात दिला. हा फ्लेक्स कुणी लावला, असं विचारलं. नाना म्हणाले की मी. मग त्यांनी विचारलं की पाटीच्या खाली लावला होता की पाटीवर. माझ्या शेजारी मामा खोकला. नानांनी फोटोवरून अंगठा फिरवला, जणू चेहऱ्यावरची धूळ पुसताहेत, आणि म्हणाले, "पाटीवरच. पाटी समदी झाकली गेल्ती." वकिलांनी विचारलं की नंतर वाऱ्यानं किंवा गर्दीत कुणाच्या हातानं सरकला असण्याची शक्यता आहे का.

"मी बांधलेलं सरकत नाय," नाना म्हणाले.

मामाने कपाळावर हात मारला. मी डोळे मिटले. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता, आणि ज्याचा आला तो माणूस टोपी सावरत फोटो परत द्यायला हात पुढे करून उभा होता. त्या चार शब्दांनी खटल्यातला वेग संपला. निकाल पुढे काही महिन्यांनी आला, पण त्यात काय असणार ते मला तेव्हाच कळलं होतं, आणि तेच त्यात होतं. त्या ठिकाणी वेगमर्यादेची पाटी दिसत होती हे सिद्ध झालं नाही. हयगयीबद्दल शंका राहते. शंकेचा फायदा आरोपीला.

पण वकील अजून खाली बसले नव्हते. त्यांचं काम झालं होतं, तरीही त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. कदाचित सरकारी खांबावर विनापरवाना फ्लेक्स लावणं हाही गुन्हा आहे, असं त्यांना पुढे म्हणायचं असेल. त्यांनी विचारलं की काका, रस्त्यावर इतके खांब होते, विजेचे होते, टेलिफोनचे होते. तुम्ही नेमका हाच का निवडला?

नानांनी दोन्ही हातांनी कठडा धरला. न्यायाधीशांनी मान वर करून पाहिलं आणि सांगितलं की पाहिजे तर थोडा वेळ घ्या, बसा. नाना बसले नाहीत. उभ्याउभ्याच ते म्हणाले, "तिथं चाळीसची पाटी हाय ना, साहेब. पोलिसाची गाडीबी उभी ऱ्हाती. समद्या गाड्या तिथं हळू व्हतात, मी रोज बघतो. बाकीच्या खांबापून लोकं भुर्रकन जात्यात. म्हनलं, तिथं लावलं तर मानसाला वाचाया येळ भेटंल."

वकिलांनी हातातला कागद टेबलावर ठेवला, पुढे काही विचारायचं नाही असं न्यायाधीशांकडे बघून खुणेनेच सांगितलं आणि खाली बसले. मागच्या बाकावरच्या त्या माणसाने चष्मा काढून डोळ्यांवर रुमाल दाबून धरला होता. माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. मला नुसतं उठून जाऊन माझ्या बापाला त्या पिंजऱ्यातून खाली आणायचं होतं.

साक्ष मराठीतच लिहिली जात होती. न्यायाधीशांनी टंकलेखकाकडे वळून सावकाश सांगितलं, "सदर ठिकाणी वाहनांचा वेग कमी होतो व लोकांना फ्लेक्स वाचण्यास वेळ मिळतो, म्हणून मी तो खांब निवडला." मग त्यांनी नानांना विचारलं की हे बरोबर आहे का.

"फ्लेक्स नाय, साहेब," नाना म्हणाले. "तिचं नाव."

न्यायाधीशांनी टंकलेखकाला थांबवलं आणि तेवढा शब्द बदलून घेतला.